१२०० कॅलरीत लोह बसवायचं कसं?

मीठमिरची
गणपतीत सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. मी दरवर्षी देते. यंदा तिथल्या ताईंनी बोट टोचलं, यंत्रात पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, १०.४ आहे. साडेबारा लागतं. तुम्ही बिस्किट घ्या, रक्त राहू दे." मागे रांगेत सोसायटीचे निम्मे लोक उभे. "एवढी जिमला जाते आणि रक्त नाही अंगात" हे वाक्य विसर्जनापर्यंत तीनदा ऐकलं.

मग नीट तपासणी केली. हिमोग्लोबिन १०.३, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) ९. डॉक्टरांनी लोहाच्या रोज दोन गोळ्या दिल्या. दहा दिवस घेतल्या, पोटाचा दगड झाला, बंद केल्या.

पार्श्वभूमी: वय ३९, ठाणे. शाकाहारी, अंडी चालतात. जानेवारीपासून मोजून १२०० कॅलरी खाते आहे, ७२ वरून ६४ किलोवर आले. सकाळी दुधातले ओट्स, दुपारी दोन फुलके, दुधी/पडवळ/कोबी, काकडी-गाजर, वाटीभर दही. संध्याकाळी मखाणे आणि ग्रीन टी. रात्री सूप आणि ऐंशी ग्रॅम पनीर. दिवसात तीन चहा, बिनसाखरेचे. पाळी जरा जास्त जाते, पण ती पहिल्यापासून तशीच आहे.

प्रश्न असा: कॅलरी न वाढवता खाण्यातून लोह कसं मिळवायचं? सगळे सांगतात गूळ-शेंगदाणे खा, खजूर खा, अळिवाचे लाडू खा. अहो, एका लाडवात माझं रात्रीचं जेवण संपतं!

आजीचा_बटवा
रोज बीट आणि डाळिंबाचा रस घे. पंधरा दिवसांत गाल लाल होतील. माझ्या नणंदेला खूप फरक पडला.

शंकासुर
रंग लाल म्हणजे रक्त वाढतं, या न्यायाने मी लहानपणापासून रसना पीत होतो. तरी ११.

अंकगणित
शंकासुराला अनुमोदन. बिटात १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नाही. डाळिंबात त्याहून कमी. बीट खावं, चांगलं असतं, पण लोहासाठी नाही.

आता मूळ प्रश्न. बसून हिशेब केला (बायको म्हणाली, इन्कम टॅक्सचा हिशेबही इतक्या आनंदाने करत जा).

तुमच्या आहारात ओट्समधून साधारण पावणेदोन मिग्रॅ, फुलक्यांतून दोन, भाजी-काकडी-गाजर-सूप मिळून दीड-दोन, मखाण्यातून चिमूटभर. दही, दूध, पनीर यांतून जवळजवळ शून्य. एकूण सहा, फार तर सात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत तुमच्या वयाच्या बाईसाठी रोजचा आकडा २९ आहे.

तुमचं काही फार चुकलं असंही नाही. आपल्या सर्वसाधारण भारतीय जेवणात दर हजार कॅलरीमागे साडेआठ मिग्रॅच्या आसपास लोह असतं. ताट तेच ठेवून १२०० कॅलरीवर आलात तर दहा मिग्रॅच पडणार, मग तुम्ही कितीही "हेल्दी" खा. तुम्ही तर त्या ताटातून डाळ, उसळ, भाकरी हेच काढलं आणि पनीर घातलं. कॅलरी मोजणारं ॲप प्रथिनं बघून टाळ्या वाजवतं, लोहाचं त्याला सोयरसुतक नसतं.

तेव्हा १०० ग्रॅममध्ये किती लोह हे बघू नका, १०० कॅलरीत किती ते बघा. सगळी उतरंड बदलते:

माठ, राजगिऱ्याचा पाला: १०० कॅलरीत दहा-बारा मिग्रॅच्या पुढे
मसूर, मटकी, कुळीथ: दोन ते अडीच
बाजरी: पावणेदोन-दोन
नाचणी: दीडच्या आत
गव्हाचं पीठ: सव्वा
गूळ: फार तर सव्वा

गूळ तळाशी आहे, गव्हाच्या पंक्तीला. दहा ग्रॅमचा खडा म्हणजे ३८ कॅलरी आणि अर्धा मिग्रॅ लोह, तेही नशीब चांगलं असेल तर.

चहाबाज
गुळाचा चहा?

अंकगणित
एका हाताने अर्धा मिग्रॅ द्यायचं आणि दुसऱ्या हाताने जेवणातलं लोह अडवायचं.

निवांत
वाचतेय. माझंही हेच रडगाणं आहे. केस इतके गळतात की मोरीची जाळी रोज साफ करावी लागते.

मालवणी_गजाली
कुळथाची पिठी! रात्री पनीर कसलं खाताय, गरम पिठी करा पातळसर, आमसूल टाकून, वर लसणीची फोडणी. दोन चमचे पिठात वाटीभर होते. कोकणात गरिबाघरचं जेवण म्हणून नाक मुरडलं लोकांनी, आता त्याच कुळथाची पाकिटं मुंबईत दुप्पट भावाने विकतात.

मासे खाणाऱ्यांसाठी: तिसऱ्या (शिंपल्या). कॅलरी कमी, लोह भरपूर. सुकं करा, कालवण करा, पण खोबरं हात राखून घाला नाहीतर धागाकर्तीचं ॲप किंचाळेल.

खवय्या_कोल्हापूरकर
मीठमिरचीताई शाकाहारी आहेत म्हणून त्यांना सोडून बाकीच्यांसाठी लिहितो. आमच्याकडं रविवारी मटणाच्या दुकानात लवकर गेलं की रक्ती (बकऱ्याचं गोठलेलं रक्त) मिळते. कांद्यावर परतायची, लाल तिखट, मीठ, कोथिंबीर. माझी आज्जी बाळंतिणीला कलेजी आणि रक्तीच द्यायची. तिला लोह-बिह ठाऊक नव्हतं, पण "रक्ताला रक्त" म्हणायची. शंकासुर, हितं मात्र लाल रंगाचा न्याय बरोबर निघतोय बघा.

निवांत
ईईई. सकाळी सकाळी हे वाचायला नको होतं.

सूक्ष्मदर्शी
मी पॅथॉलॉजिस्ट आहे, काचपट्टीवर रोज हेच बघते. लांबलचक लिहिणार आहे, माफ करा.

खवय्यांच्या आज्जीचं बरोबर आहे. मांस, कलेजी, रक्ती यांतलं काही लोह हिमोग्लोबिनसारख्या लाल द्रव्याच्या स्वरूपात येतं. ते १५ ते ३५ टक्के शोषलं जातं आणि शेजारी चहा असो की भाकरी, त्याला फारसा फरक पडत नाही. डाळी, धान्य, पालेभाज्यांतलं लोह वेगळं. ते दोन टक्के शोषलं जाईल की वीस, हे ताटात बाजूला काय आहे यावर ठरतं. (गरोदर बायकांनी कलेजी बेताने खावी, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.)

अंकगणित यांनी सांगितलेला २९ चा आकडा ऐकून घाबरू नका. आपल्या शाकाहारी वळणाच्या जेवणातलं जेमतेम ८ टक्के लोह अंगी लागतं, असं धरून तो काढलेला आहे. म्हणजे रक्तात पोचायला हवं दोन-सव्वादोन मिग्रॅ. अमेरिकेत हाच आकडा १८ आहे, कारण तिथल्या जेवणातलं जास्त शोषलं जातं असं धरलंय. म्हणून कॅलरी वाढवायच्या नसतील तर लोहाबरोबरच शोषणाकडे बघा, आणि त्याला एकही कॅलरी लागत नाही. लिंबू पिळा. जेवणात पेरूच्या दोन फोडी किंवा आवळा घ्या. कडधान्यं मोड आणून खा, त्याने फायटेट (दाण्यातली लोह अडवणारी द्रव्यं) कमी होतात. नाचणीची भाकरी करण्यापेक्षा आंबवून आंबील करा. दही आणि दूध पालेभाजी-उसळीच्या जेवणात नको, कॅल्शियम आडवं येतं, ते वेगळ्या वेळी घ्या. आणि चहा.

चहाबाज
आलं. मला माहीतच होतं हे येणार.

सूक्ष्मदर्शी
१९८३ चा एक जुना प्रयोग आहे. हॅम्बर्गरच्या जेवणासोबत चहा दिला तर लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी घटलं, कॉफीने ३९ टक्क्यांनी. मांसाच्या जेवणात ही गत, आपल्या डाळभाताचं काय होत असेल बघा. त्यातली दुसरी गंमत कोणी सांगत नाही. कॉफी जेवणाच्या तासभर आधी प्यायली तर काहीच फरक पडला नाही, पण जेवणानंतर तासाभराने प्यायली तर सोबत प्यायल्याइतकाच अडथळा झाला. म्हणजे चहा सोडू नका, जेवणाच्या आधी सरकवा. जेवणानंतर दीड-दोन तास तरी जाऊ द्या. ग्रीन टी हाही चहाच आहे, हिरव्या रंगाला सूट नाही.

चहाबाज
तुम्हाला घरच्यांनी बाळकडूच पाजलं असेल, चहा नाही. पण "आधी प्या" हे मान्य. साडेअकराचा चहा आता वैद्यकीय सल्ल्यानुसार.

टोरांटोकर
आमच्याकडे कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये फॅमिली डॉक्टर फेरिटिन आधी बघतात. ओंटारियोत २०२४ मध्ये प्रयोगशाळांनी फेरिटिनची खालची मर्यादा वाढवून ३० केली. त्यामुळे माझ्या मैत्रिणींच्या ग्रुपमध्ये एका रात्रीत सगळ्या "कमतरतावाल्या" झाल्या. इथे मैद्यात लोह घालणं सक्तीचं आहे, नाश्त्याच्या सिरियलमध्येही असतं. तरी माझं १४. भारतात असं काही मिळत नाही का?

डोंगरवाट
मिळतं की. पाकिटावर निळ्या रंगात इंग्रजी एफ आणि अधिकचं चिन्ह बघायचं. लोह आणि आयोडीन दोन्ही असलेलं मीठ मिळतं. शून्य कॅलरी! धागाकर्तीसाठी आदर्श.

नागपूरची_संत्री
थांबा थांबा. सरसकट सगळ्यांनी लोह वाढवायचं नसतं. आमच्या विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, नंदुरबारकडेही आहे. माझ्या उल्हासनगरच्या सिंधी मैत्रिणीला कॉलेजपासून "ॲनिमिया" म्हणून पाच वर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन दहाच्या वर सरकेचना. शेवटी कोणीतरी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी) तपासणी केली तर थॅलेसेमिया मायनर निघालं, तेही आनुवंशिकच. फेरिटिन होतं भरपूर. आधी फेरिटिन, मग गोळी.

सूक्ष्मदर्शी
शंभर टक्के. लाल पेशी आकाराने फार लहान पण संख्येने भरपूर, असं रिपोर्टमध्ये दिसलं की आम्हाला शंका येते. आणखी एक: ताप किंवा कुठे सूज असेल तर फेरिटिन खोटंच वाढलेलं दिसतं. ९ आलंय म्हणजे मात्र शंकेला जागा नाही, कोठार रिकामं आहे.

परसबाग
पालकाचं कोणी काही बोललं नाही अजून? शाळेत शिकलो की दशांशचिन्ह चुकलं म्हणून पालकाचं लोह दहापट छापलं गेलं.

अंकगणित
ती दशांशचिन्हाची गोष्टसुद्धा बनावट आहे म्हणे. तिचा मूळ पुरावा शोधायला गेलेल्या एका इंग्रज संशोधकाला २०१० मध्ये तो सापडलाच नाही. पालकात लोह बऱ्यापैकी आहे, १०० ग्रॅमला तीनच्या आसपास, पण शोषलं फार कमी जातं. माठ बरा. आणि कृपा करून पालक पनीर नको, पालकातलं जे थोडं मिळणार तेही पनीरचं कॅल्शियम खातं.

तक्त्यांवरून आठवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात अळीव १०० ग्रॅमला १०० मिग्रॅ होते. पोहे २०. २०१७ च्या नव्या तक्त्यात अळीव १७ च्या आसपास आणि पोहे साडेचार. जाहिराती आणि व्हॉट्सॲप अजून जुन्याच आकड्यांवर चाललेत. धूळ, माती, गिरणीतली लोखंडी झीज हे सगळं जुन्या आकड्यांत मिसळलेलं असू शकतं.

आजीचा_बटवा
म्हणजे अळीवही खोटे? आमची आजी, पणजी, सगळ्या वेड्याच होत्या म्हणायच्या.

अंकगणित
अहो नाही. १७ सुद्धा चांगलेच आहेत, मसुराच्या दुप्पट. फक्त चमचाभर अळीव म्हणजे एक मिग्रॅच्या आत, पाच मिग्रॅ नव्हे. आणि लाडवातली बाकीची ताकद नारळ-गुळाची, ती बाळंतिणीला हवीच असते. ठाण्याच्या जिमवाल्या बाईला नको असते इतकंच.

गावकुस
माझी आई सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. तिच्या स्वयंपाकघरात बिडाचा तवा आणि लोखंडी कढई. पालेभाजी कढईत काळी पडायची, आम्ही शहरातून गेलो की नाक मुरडायचो. मीच तिला हौसेने नॉनस्टिक नेऊन दिली. आता हा धागा वाचून अपराधी वाटतंय.

मालवणी_गजाली
लोखंडी कढईत टोमॅटोचं सार किंवा आमसुलाचं काही केलं तर लोह जास्त उतरतं, आंबटामुळे. पण करून लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. मी एकदा सोलकढी ठेवली होती रात्रभर. शाई झाली. शब्दशः.

सूक्ष्मदर्शी
उतरतं हे खरं. किती, ते सांगता येत नाही. कढई नवी की मुरलेली, पदार्थ किती आंबट, किती वेळ शिजवलं यावर सगळं. वापरा, फुकटचं आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

धोपटमार्ग
आमच्या हिलाही हेच आहे. मी सांगतो नीट खात जा, ऐकतच नाही.

निवांत
जेवायला शेवटी कोण बसतं तुमच्याकडे? उसळीतली मटकी कोणाच्या ताटात जाते आणि तळाचा रस्सा कोणाच्या?

धोपटमार्ग
...बघतो.

डोंगरवाट
२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. आधीच्या पाहणीत ४८ होत्या. गोव्यात ३९. डाएट करणाऱ्या त्यात मूठभरच असतील, बाकीच्यांची तळाच्या रश्शाचीच गोष्ट असणार.

शंकासुर
गोव्याचं श्रेय तिसऱ्यांना की फेणीला?

मालवणी_गजाली
तिसऱ्यांना. फेणीचं श्रेय वेगळ्या पाहणीत.

मीठमिरची
बापरे, केवढे प्रतिसाद! धन्यवाद सगळ्यांना. एक गोष्ट लिहू का नको असं होत होतं. गेले चार-पाच महिने मला पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. लेकीच्या शाळेच्या दप्तरात होत्या, एक खाल्ली, मग दुकानातून डबीच आणली. नवऱ्याला माहीत नाही. पाऊस पडला की ओल्या मातीचा वास घेत गॅलरीत उभी राहते. हे वेडंबिडं नाही ना?

निवांत
मी कच्चे तांदूळ. मूठभर. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये डबी आहे. कोणाला सांगितलं नव्हतं आजवर.

टोरांटोकर
बर्फ. आमच्याकडे फ्रीजमधून बटण दाबलं की पडतो, मी दिवसाला दोन मोठे ग्लास चावून खायचे. डेंटिस्टने विचारलं म्हणून कळलं.

सूक्ष्मदर्शी
तिघींनाही एकच उत्तर: हे वेड नाही. लोह कमी झालं की अशा वासना होतात, पाठ्यपुस्तकात आहे. लोह भरलं की बहुतेकांची ही ओढ आपोआप जाते, बर्फाची तर फार लवकर.

मीठमिरची, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला खटकतंय. "पाळी जरा जास्त जाते, पण पहिल्यापासून तशीच." एक मिलिलिटर रक्तात अंदाजे अर्धा मिग्रॅ लोह असतं. महिन्याला ८० मिलीच्या वर रक्त जात असेल तर चाळीस मिग्रॅ तिथेच गेलं. दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? मोठ्या गाठी पडतात का? रात्री उठावं लागतं का? असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. शिवाय तुम्ही दरवर्षी रक्तदान करत होतात. पुण्याचं काम, पण एका पिशवीबरोबर दोनशेच्या आसपास मिग्रॅ लोह जातं. नळ चालू ठेवून टाकी भरत बसू नका. पोटातल्या आम्लाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा डॉक्टरांना, त्यांनी शोषण घटतं.

आणि खाण्याबद्दल खरं सांगते, बोचलं तरी. तुमचं हिमोग्लोबिन वर यायला आणि कोठार भरायला मिळून साधारण हजार मिग्रॅ लोह हवं. आहार उत्तम केलात आणि गरजेपेक्षा एक मिग्रॅ रोज जादा अंगी लागलं, तरी पावणेतीन वर्षं. कोठार टिकवायचं काम आहाराचं. ९ वरून वर काढायचं काम गोळीचं.

मीठमिरची
गोळीनेच तर पोटाचे हाल झाले ना. :(

सूक्ष्मदर्शी
रोज दोन दिल्या होत्या ना? डॉक्टरांना एक दिवसाआड एक चालेल का विचारा. लोहाची गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि पुढचे चोवीस तास आतड्याचं दार अर्धं लोटून घेतं. दुसऱ्या दिवशीची गोळी बरीचशी वाया जाते आणि पोटात त्रास तेवढा देते. झुरिकमधल्या २०१७ च्या अभ्यासात फेरिटिन कमी असलेल्या बायकांना एक दिवसाआड दिल्यावर प्रत्येक गोळीतलं जास्त लोह शोषलं गेलं. स्वतःहून बदलू नका, विचारून बदला. शौच काळी होईल, घाबरू नका.

अंकगणित
आणि १२०० बद्दल. मी कागदावर तुमचा दिवस नव्याने मांडला. दुपारी पन्नास ग्रॅम बाजरीच्या पिठाची भाकरी, दीडशे ग्रॅम माठाची भाजी, पन्नास ग्रॅम मसुराची आमटी. संध्याकाळी चाळीस ग्रॅम मटकीची मोडाची उसळ, लिंबू पिळून. सकाळी तीस ग्रॅम नाचणीची आंबील आणि चमचाभर भिजवलेले अळीव. साधारण ६३५ कॅलरी आणि १७ मिग्रॅच्या पुढे लोह. दोन अंडी आणि एक पेरू धरा, ८४० कॅलरी, १९-२०. उरलेल्या साडेतीनशेत तेल, दही, आणखी एखादी भाजी. म्हणजे लोह तिप्पट झालं, पण २९ काही दिसत नाही. १२०० मध्ये शाकाहारी बाईला २९ बसवणं म्हणजे एसटीच्या सीटवर पाच जण. १५०० करा, वजन सावकाश उतरेल, काय बिघडलं?

निवांत
दीडशे ग्रॅम माठ निवडणार कोण, हे त्या कागदावर लिहिलंय का?

अंकगणित
नाही. तो रकाना बायकोने आत्ताच घातला. माझं नाव आहे.

परसबाग
कुंडीत माठ टाका. महिन्यात कापायला येतो, वरून खुडला की पुन्हा फुटतो. शेवगा दारात असेल तर त्याचा पाला आमटीत टाका. पावडर विकत घेऊन फसू नका, चमचाभरात जेमतेम एक-दीड मिग्रॅ येतं आणि चवीला गवत.

मीठमिरची
(तीन महिन्यांनी)
धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणींनी विचारलं.

पाळीबद्दल सूक्ष्मदर्शी म्हणाल्या ते सगळं "हो" होतं. मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. आईचं तसंच होतं, मावशीचं तसंच. सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी फायब्रॉइडची गाठ निघाली. त्याची औषधं सुरू आहेत, रक्त जाणं निम्म्यावर आलंय. गोळी एक दिवसाआड, रात्री झोपताना. पोट ठीक आहे. चौथ्या आठवड्याला हिमोग्लोबिन ११.५ होतं, काल १२.३. फेरिटिन २४. डॉक्टर म्हणाले अजून तीन महिने तरी गोळी थांबवायची नाही.

कॅलरी १५०० केल्या. दीड किलो वाढलं, मग थांबलं. पनीर आठवड्यातून दोनदाच. रात्री कुळथाची पिठी लेकही खाते, फक्त तिच्या भाषेत ते "ब्राऊन सूप" आहे. ग्रीन टी सोडला, तो तसाही कधी आवडत नव्हता. दुपारचा चहा जेवणाआधी. सासूबाईंना हे पटवायला महिना गेला, कारण त्यांच्या मते चहाने भूक मरते.

पेन्सिलीची डबी गेल्या महिन्यात आवरताना सापडली. अर्धी भरलेली. एक तोंडात घालून बघितली तर नुसती माती लागली, थुंकून टाकली. लेकीला परत दिली सगळी.

निवांत
माझी तांदळाची डबी अजून आहे. उद्या लॅबमध्ये जातेय. नक्की.

सूक्ष्मदर्शी
निवांत, फेरिटिन सांगायला विसरू नका, नुसतं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून येऊ नका.

धोपटमार्ग
सध्या आमच्याकडे मी शेवटी बसतो. मटकी खरंच उरत नाही हो.

मीठमिरची
सुरुवातीला जोशात एक किलो अळीव आणून ठेवले होते, त्यातले पाऊण किलो अजून डब्यात आहेत. रोज चमचाभर म्हटलं तरी पाच महिने. लाडू सोडून काही सुचवा.

आजीचा_बटवा
भिजवून लिंबाच्या सरबतात घाल, सब्जासारखे. आणि संक्रांतीला मात्र लाडूच कर. चार-पाच कर, किलोचे नको. मला एक पाठव.